आय विल, या

शनि. १२ एप्रिल

स. ८ ला निघायचं ठरलं होतं, सुटलो ९.५० ला. एसटीच्या डेपोत असतो तर मेमो हातात पडला असता.

पोराला, हेमंतला, हा पांढरा कॅरव्हॅनचा डबा गाडीला जोडायलाच पाऊण तास लागला. जोडणीची कडी, 'हिच', नीट बसली की नाही हे तो मोबाइलवर व्हिडिओ बघून ठरवतो. म्हटलं, अरे बाबा, खाली वाकून बघ की. तर म्हणे, "आण्णा, प्लीज." इकडे आयर्लंडला, गॉलवेला येऊन अडीच महिने झाले, रोज हे 'आण्णा, प्लीज' ऐकतोय.

डबा सूनबाईच्या हौसेचा. सुजाताला उत्तरेकडचा किनारा बघायचा होता, राहायचं-खायचं सगळं बरोबर घेऊन. एकदाही जाणं झालं नाही. आधी तिची डॉक्टरकी, मग तिचंच आजारपण. तिला जाऊन दीड वर्ष झालं. डबा दारात उभा राहून शेवाळला. आता माझं विमान २४ ला, नातीला, सईला, ईस्टरची सुट्टी, म्हणून ही ट्रिप काढली. हौसेनं कोणीच निघालेलं नाही.

गल्लीतून मागे घेताना हेमंतनं स्टिअरिंग भलतीकडे फिरवलं. मागे ट्रॉली असली की उलटं फिरवावं लागतं, त्याच्या ध्यानात राहत नाही. शेजारणीच्या कुंडीचा चुरा. ती बाहेर येऊन म्हणते, "यू आर ग्रँड!" इथं कुंडी फुटली तरी ग्रँड, पाऊस आला तरी ग्रँड. हा शब्द मी पक्का केलाय. ग्रँड म्हणजे चालतंय.

नात मागच्या सीटवर, कानात बोंडं. तेरा वर्षांची पोर, दिवसभरात सहा वाक्यं बोलली असेल. सगळी इंग्रजीत. मराठी तिला कळतं सगळं.


रवि. १३

स्लायगोच्या अलीकडे मुक्काम. पाऊस. डब्याच्या टपावर पत्र्यासारखा वाजतो.

तिघं एका टेबलाशी बसून खिचडी खाल्ली. गुडघ्याला गुडघा लागतो इतकी जागा, तरी कोणी कोणाकडे बघत नाही. घरी निदान खोल्या वेगळ्या, तिथं दार लावलेलं म्हणून चालून जातं. हेमंत वर लॅपटॉपपुढे, सई शाळेतून आली की टोस्ट घेऊन तिच्या खोलीत. मी मधल्या जिन्यावर. अडीच महिने हेच.

परवा हेमंतला बोललो ते इथं लिहितो. तो कपडे मशीनमध्ये टाकत होता. म्हटलं, सईला माझ्याबरोबर वाईला नेतो. तिथं शाळा करू दे. बापू शेजारी आहे, त्याच्या सुना आहेत, पोरीला चार माणसं भेटतील. तुला जमेल तेव्हा तू ये. मला वाटलं अंगावर येईल. तर मशीनचं झाकण लावत म्हणाला, "तिला विचारा. ती हो म्हणाली तर मी अडवणार नाही."

हे मी पोरीसाठी म्हणतोय असं त्याला सांगितलं. वहीत कशाला खोटं लिहू. सईची आजी गेल्यापासून सकाळी चहाचा एकच कप विसळतो मी. दोन विसळायची इच्छा आहे.

अजून तिला विचारलेलं नाही. धीर होत नाही.


सोम. १४

डोनेगलच्या रस्त्याला सकाळी डबा वळवळायला लागला. उतार, आडवा वारा. मागचं शेपूट डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. हेमंत ब्रेकवर पाय ठेवणार तेवढ्यात ओरडलो, "ब्रेक नको! ॲक्सिलेटर सोड, स्टिअरिंग सरळ धर." नशिबानं ऐकलं. बाजूला थांबून बघतो तर मागच्या कपाटात दहा किलो तांदूळ, कुकर, मिक्सर आणि पाण्याचे दोन कॅन. सगळं वजन शेपटीला! इथली माणसं डब्यात पावाची लादी घेऊन फिरतात, आपण अख्खं स्वयंपाकघर. तांदूळ मी ठेवला होता. हे हेमंतला सांगितलं नाही, गपगुमान पुढे चाकाच्या वर आणून ठेवला.

दुपारी सई भांडी पुसत होती, मी धूत होतो. हेमंत बाहेर गॅसची टाकी बदलत होता. म्हटलं, आता नाही तर कधी नाही. "सई, येतेस का माझ्याबरोबर वाईला? राहायला? तिकडेच शाळेत जा."

ती बशी पुसत म्हणाली, "आय विल, या."

मी दोनदा ऐकलं मनात. आय विल, म्हणजे येईन. आणि वर मराठीत 'या'! पोरीनं इंग्रजीत होकार दिला आणि मराठीत शिक्का मारला. हातातली पातेली तशीच ठेवून बाहेर आलो. डोळ्यांत पाणी आलं ते वाऱ्यावर ढकललं.

हेमंतला सांगितलं, "हो म्हणाली." म्हणे, "काय म्हणाली नेमकं?" म्हटलं, अक्षरशः असं म्हणाली, 'आय विल, या.' त्याच्या हातात पाना होता. तो थोडा वेळ पान्याकडे बघत राहिला. मग "बरं" म्हणाला आणि नट आवळायला लागला.

आयला, इतक्या सहज? माझ्या बापानं असं मागितलं असतं तर माझ्या पोराला हात लावू दिला नसता मी. पण बरं झालं.


मंगळ. १५

बापूला फोन लावला. तो लगेच कामाला. माडीवरची खोली रिकामी करतो, रंग काढून घेतो, शाळेत त्याच्या ओळखीचे सर आहेत. "पोरीला काय आवडतं खायला?" म्हणाला. मला सांगता आलं नाही. टोस्ट म्हणालो.

हेमंतनं तिकीट काढलं. माझ्याच विमानात, माझ्या शेजारची सीट. मोबाइलवर दाखवलं मला.

सईला कृष्णेच्या घाटाबद्दल, पसरणीच्या वळणांबद्दल, महाबळेश्वरच्या गाडीत पोरं कशी ओकायची त्याबद्दल सांगत बसलो. "ग्रँड," म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नाही. आईवर गेलीय, पोटातलं ओठावर येऊ देत नाही. म्हटलं तिकडे गेली की खुलेल.


गुरु. १७

जेवण बाजूला ठेवून आधी हे लिहितो.

मोबाइलमधल्या बाईनं जवळचा रस्ता म्हणून डोंगरात घातलं. रस्ता कसला, मधोमध गवत उगवलेली दोन चाकोऱ्या. दोन्हीकडे काळी पाणथळ जमीन, पाय टाकला तर गुडघ्यापर्यंत जाईल. जमीन भुसभुशीत म्हणून रस्ता लाटांसारखा वर-खाली. डबा मागे आदळतोय, भांडी वाजतायत. मेंढ्या निळ्या-लाल रंगाचे पट्टे अंगावर घेऊन बघत होत्या. घाट सुरू झाला आणि समोरून दुधाचा टँकर. त्याला मागे जाता येईना, आम्हालाच यावं लागणार. उतारावर, वळणावर, डबा घेऊन उलटं.

म्हटलं, मी घेतो. हेमंत म्हणे, "तुमच्याकडे इथलं लायसन्स नाही." म्हटलं, तीस वर्षं लाल गाडी घाटात चालवली, लायसन्स काय विचारतोस! "आण्णा, प्लीज!" या खेपेला ओरडलाच. सई खाली उतरून मागे उभी राहून हात दाखवत होती. "लेफ्ट, डॅड! युअर अदर लेफ्ट!" डब्याचं डावं चाक कडेवरून घसरलं आणि चिखलात रुतलं. अख्खा डबा कलला. आणि हेमंत? स्टिअरिंगला धरून नुसता बसला. दार उघडलं, हाक मारली, खांदा हलवला. पुढे बघत बसला. सई त्या पावसात उभी राहून त्याच्याकडे बघत होती. तेव्हा तिचा चेहरा बघवेना.

टँकरवाल्यानं फोन करून एका शेतकऱ्याला बोलावलं. माझ्याच वयाचा, रबरी बूट, ट्रॅक्टर घेऊन आला. न बोलता साखळी लावली, पंधरा मिनिटांत डबा बाहेर. वर आमचा डबा स्वतःच्या आवारात नेऊन लावला, म्हणे चाक तपासून मगच निघा.

त्याला चहाला बोलावलं. आल्याचा केला. चांगला होता म्हातारा, दोन कप प्यायला. मी सहज म्हटलं, माझ्या इंग्रजीत, "यू गिव्ह मी ट्रॅक्टर? वन राउंड?" तो कपातून वर न बघता म्हणाला, "आय विल, या."

मी उठलो आणि बूट घालायला लागलो.

म्हातारा तोंड उघडं टाकून बघतोय. आणि सई हसायला लागली. अडीच महिन्यांत पहिल्यांदा. पोट धरून, खाली बसून हसली. "आबा, नो! तो नाही म्हणतोय." (इंग्रजीत बोलली, मी मराठीत लिहितोय.) "आय विल, या म्हणजे नाही. म्हणजे शक्यच नाही. इथं सगळे असंच म्हणतात."

मी एका पायात बूट घालून उभा. विचारलं, "नेहमी?"

"जवळजवळ नेहमी. कसं म्हणतात त्यावर आहे."

म्हाताऱ्याला वाईट वाटलं असावं, त्यानं खरंच किल्ली दिली. आवारात एक फेरी मारली ट्रॅक्टरची. गिअर कुठला टाकला, आठवत नाही.


शुक्र. १८

वारा इतका की डबा हलतोय. म्हाताऱ्याच्या आवारातच आहोत. गुड फ्रायडे, सगळं बंद.

ती कसं म्हणाली होती? बशी पुसत होती. वर बघितलं नव्हतं. तो म्हाताराही वर न बघता म्हणाला.

थट्टा वाटली तिला. आजा काहीतरी बोलतो, आपण काहीतरी बोलावं. तिच्या गावीही नाही की तिच्या नावाचं तिकीट निघालंय. तिकडे बापू खोलीला रंग देतोय. मला माझीच लाज वाटते. सत्तरी ओलांडली आणि तेरा वर्षांच्या पोरीच्या तीन शब्दांवर घर बांधलं.

संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता एकदम ध्यानात आलं आणि ताट खाली ठेवलं. मी अडाणी, मला नाही कळलं. हेमंत सोळा वर्षं इथं आहे.


शनि. १९

आज विचारलं. तो नळावर पाण्याचं पिंप भरत होता.

"हेमंत, 'आय विल, या' म्हणजे काय रे?"

पिंप भरून वाहायला लागलं तरी नळ बंद केला नाही त्यानं. मीच केला.

"तुला सोमवारीच कळलं होतं."

"हो."

"मग तिकीट का काढलंस?"

"आण्णा, मला झेपत नाहीये." पिंपाचं झाकण लावलं. मग म्हणाला, "ती समोर आली की सुजाताच दिसते. मला तिच्याकडे बघताच येत नाही. तुम्ही म्हणालात हो म्हणाली, मला वाटलं, सुटलो."

सुटलो! मी हात उचलला होता. शेचाळीस वर्षांच्या पोरावर. तो बाजूलाही झाला नाही, मार म्हणून उभा राहिला. मग नाही मारवलं. लहानपणी शाळेत कोणी मारलं की असाच उभा राहायचा. मला त्याचा राग येतो आणि तेवढीच कीवही येते, काय करू.

म्हणाला, "तिला सांगणार तुम्ही?"

मीच पिंप ओढत डब्याकडे निघालो.


रवि. २०

ईस्टर. म्हाताऱ्याच्या बायकोनं सईला चॉकलेटचं अंडं दिलं. सईनं तीन तुकडे केले. बापाचा तुकडा त्याच्या लॅपटॉपवर ठेवून आली. तो दुपारपर्यंत तिथंच होता.

आता सरळ आहे सगळं. सईला एवढंच सांगायचं की तुझ्या बापाला कळलं होतं. कळूनही त्यानं तिकीट काढलं. एक वाक्य पुरे. आपल्या पायानं येईल माझ्याबरोबर, मागे वळून बघणार नाही. आणि खोटंही नाही त्यात काही.

सकाळपासून तेच वाक्य तोंडात घोळवतोय. खाली बसलेल्या पोराला अजून एक लाथ घालून त्याची पोर उचलून न्यायची. पण मग इथं तरी ती कोणाजवळ राहणार? जो तिच्याकडे बघत नाही त्याच्याजवळ?

जेवलो नाही. हेमंतही नाही.


सोम. २१

निघालो म्हाताऱ्याकडून. किनाऱ्याला डबा लावला, हेमंत टायर बघत मागे राहिला. सईला घेऊन खडकांवर गेलो. गार वारा, कान दुखले.

म्हटलं, "सई, वाईला चल म्हणालो होतो, ते मी खरं विचारलं होतं."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "मला वाटलं तुम्ही गंमत करताय."

"तिकीट काढलंय."

"माझं? कोणी?"

"तुझ्या बाबानं. मी सांगितलं म्हणून. तू हो म्हणालीस असं मी सांगितलं."

ती हुशार आहे. क्षणही लागला नाही. "तुम्ही त्याला माझे शब्द सांगितले? मी म्हणाले तसेच?"

तिच्या डोळ्यांकडे बघून कळलं की ती कुठल्या वाटेनं निघालीय. तेच शब्द सांगितले असतील तर बापाला अर्थ कळला असणार. कळूनही... आता फक्त "हो" म्हणायचं होतं मला. खरं बोलायचं होतं.

"छे," म्हटलं. "मी मराठीत सांगितलं. 'सई येते म्हणाली.' एवढंच. त्याला काय माहीत तू कशी म्हणालीस."

आयुष्यात लॉगशीटवर खोटा आकडा लिहिला नाही मी.

मला वाटलं होतं तिला हायसं वाटेल. तर तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. "म्हणजे डॅडला वाटतंय मला त्याला सोडून जायचंय? आठवडाभर त्याला असं वाटतंय?" आणि रडायला लागली. "पुअर डॅड," म्हणे. "ओ गॉड, पुअर डॅड."

मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभा. हे माझ्या हिशेबात नव्हतं. लगेच पळत निघाली होती त्याला सांगायला, मी अडवलं. म्हटलं, आज नको, तो टायरच्या कामात आहे. तेवढा वेळ मला हवा होता.

ती दुकानात गेल्यावर हेमंतला गाठलं. काय सांगितलंय ते सांगितलं. शब्दन् शब्द. म्हटलं, तिला वाटतंय तुला कळलं नव्हतं. तसंच राहू दे. ती तुला सांगायला येईल. तेव्हा काय बोलायचं ते तुझं तू बघ.

"ती येणार नाही तुमच्याबरोबर?" म्हणाला.

हे त्यानं कुठल्या अर्थानं विचारलं, देव जाणे. म्हटलं, तिलाच विचार.


मंगळ. २२

परत फिरलो. वाऱ्यानं आणि खड्ड्यांनी सगळी हाडं खिळखिळी झालीत, डब्याचीही आणि माझीही.

स्लायगो ओलांडल्यावर चहाला थांबलो, रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत. मी डब्यात पाणी ठेवायला गेलो. हेमंत गाडीतच. सई मागच्या सीटवरून उतरली आणि पुढे त्याच्या शेजारी जाऊन बसली. तेव्हाच समजलो.

डब्याच्या पुढच्या खिडकीतून गाडीची मागची काच दिसते. दोन डोकी. ऐकू काही येईना, स्टोव्हचा आवाज. सई हात हलवून बोलत होती, इतकं बोलताना मी तिला बघितलेलं नाही. हेमंतचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, गाडी बंद असताना. मग त्यानं मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, मागून कळलं नाही. सईनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं झटकला नाही. धरलाही नाही.

तोंडानं पुटपुटत होतो, बघ रे, एकदा बघ तिच्याकडे. दुसऱ्याच्या स्टिअरिंगला हात लावता येत नाही, मागे बसून ओरडताही येत नव्हतं. चहा उतू गेला.

तीन कप घेऊन गेलो. सईचे डोळे लाल. "थँक्स, आबा," म्हणाली. हेमंतनं कप घेतला. त्याचा चेहरा बघायला वाकलो तर काच खाली करून बाहेर बघायला लागला.

सई पुढेच बसली. मी मागे, तिच्या जागेवर. दु. २.१० ला सुटलो. परवा विमान. तिकिटाचं कोणी काही बोललं नाही. बापूचे तीन फोन येऊन गेलेत, खोलीला कुठला रंग विचारतोय.